विरजणाची वाटी

समोरच्या सुमनताईंनी दिलेली विरजणाची वाटी ओट्यावर आहे आणि दारात आलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं तशी मी तिच्याकडे बघते आहे. वाटी नीट धुतली असेल ना? दही कधीचं? मी भाज्या मिठाच्या पाण्यात बुडवणारी, गाळलेलं पाणी पुन्हा उकळणारी बाई.

गेल्या आठवड्यात घशासाठी गोळ्यांचा कोर्स झाला. घसा बरा झाला, पोट बिघडलं. डॉक्टर म्हणाले, "पोटात चांगले जंतूही असतात. ते जागा धरून बसतात, म्हणून वाईटांना थारा मिळत नाही. गोळ्यांनी तेही थोडे गेले. घरचं ताजं दही खात जा."

चांगले जंतू म्हणे! जन्मभर मला न विचारता माझ्यात राहणारे हे कोण, आणि यांची हमी कोणी द्यायची?

तरी काल विरजण मागून आणलं. खबरदारी म्हणून कढत दुधातच घातलं. आज सकाळी दूध जसंच्या तसं.

"अहो, कढत दुधात विरजण मरतं," सुमनताई हसल्या. "करंगळी बुडवून बघायची. सोसलं की घालायचं." आणि ही दुसरी वाटी हातात दिली.

आता करंगळी बुडवली आहे, दोनदा धुऊन. दूध सोसवतंय. विरजण घालते, झाकण ठेवते, आणि ओशाळते. माझ्यासाठी पहारा देणारे एकदा पोटात मेले, एकदा पातेल्यात. आणि मी अजून वाटीचा वास घेते आहे. संशय खरं तर त्यांनी माझा घ्यायला हवा.