संत्र्यांच्या पेट्यांतून गेलेलं पत्रक

वाचायला मी शाळेत शिकले नाही, पत्रकांवर शिकले. बाबा पांढुर्ण्याला पोस्टमन होते. सभा, मोर्चा, जयंती, संप, जिथे जो कागद वाटला जाई तो ते घडी करून सायकलच्या पिशवीत टाकत आणि घरी आणून पत्र्याच्या पेटीत ठेवत. त्या पेटीसमोर बसून मी मथळ्यांवर बोट फिरवायची. 'जागे व्हा' हे दोन शब्द मला स्वतःच्या नावाआधी वाचता आले. त्यामुळे वीस वर्षांची होईपर्यंत माझी खात्री झाली होती की जगात कुठेही काहीही घडलं तरी त्याचं पत्रक करता येतं, आणि केलंच पाहिजे.

एकोणनव्वदच्या एप्रिलअखेर मी एका वादळाचं पत्रक केलं.

बातमी आधी रेडिओवर आली, मग नागपूरच्या पेपरात. बांगलादेशात माणिकगंज नावाच्या जिल्ह्यात संध्याकाळच्या वेळी एक टोर्नेडो, म्हणजे भोवऱ्यासारखा फिरणारा चक्रवात, उतरला आणि काही मिनिटांत साटुरिया आणि दौलतपूर या भागातली गावंच्या गावं जमिनीवरून पुसली गेली. हजाराहून जास्त माणसं गेली असावीत, असं लिहिलं होतं. आमच्याकडे एप्रिलात वावटळ उठते ती कपाशीच्या रिकाम्या वावरात. धूळ, पाचोळा, एखादी वाळलेली पऱ्हाटी उचलते आणि बांधापलीकडे जाऊन बसते. लहान मुलं तिच्यात शिरून गोल फिरतात. वावटळीनं माणूस मरतो हे मला कागदावर वाचूनही डोळ्यांपुढे आणता येईना.

डोळ्यांपुढे आलं ते वेगळंच. त्याच बातमीत खाली होतं की तिकडे कित्येक महिने पाऊस नव्हता, आणि देशाच्या प्रमुखांनीच लोकांना पावसासाठी प्रार्थना करायला सांगितलं होतं. प्रार्थना झाली आणि वादळ आलं. मी ते वाक्य दोनदा वाचलं. आमच्या घरात देव नव्हता, नवस नव्हता, अंगात येणं नव्हतं. ते सगळं बाबांच्या पिढीनं ठरवून सोडलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता, आजही आहे. त्या बातमीत मला माझ्या सगळ्या वादांचा पुरावा सापडला. मी त्याच दुपारी लिहायला बसले.

वरच्या अर्ध्या भागात वादळाची हकीकत आणि सरकारकडे मागण्या. खालच्या अर्ध्या भागात माझं खरं म्हणणं: 'ज्यांनी आकाशाकडे हात पसरले त्यांना आकाशानं उत्तर दिलं आहे. बंधूंनो, भगिनींनो, अजून किती मेल्यावर तुमचे हात खाली येणार?' हे वाक्य मला फार आवडलं होतं. मी ते मोठ्या टायपात घ्यायचं ठरवलं.

छापण्याआधी बाबांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, एक वेलांटी दुरुस्त केली आणि कागद परत दिला. मी विचारलं, कसं झालं? ते म्हणाले, "छाप. पण वाटण्याआधी एकदा मंडीत जाऊन ये."

मला वाटलं, ते मायबद्दल बोलताहेत. माय संत्रा मंडीत माल छाटायला जायची आणि संत्र्यांच्या मृग बहाराच्या हंगामाचे ते शेवटचे दिवस होते. टपालात पाहिलेली, कोणासाठी लिहून दिलेली गोष्ट घरात बोलायची नाही, हा बाबांचा नियम होता. नोकरीभर त्यांनी तो पाळला. त्या दिवशीही पाळला.

पांढुर्ण्यात छापलं असतं तर मजकूर आधीच गावभर झाला असता, म्हणून मी सौंसरच्या प्रेसमध्ये गेले. पत्रक जिथे वाटायचं होतं ती सभा तिथेच व्हायची होती, बुद्धपौर्णिमेला, विहारासमोरच्या पटांगणात. प्रेसवाल्यानं पातळ कागद घेतला आणि एकाच बाजूनं छापून दिलं. दुसरी बाजू कोरी राहिली. तीन दिवसांनी ओल्या शाईच्या वासाचा तो गठ्ठा मांडीवर घेऊन मी बसनं परतले आणि बाबांचं ऐकायचं म्हणून घरी न जाता सरळ मंडीत गेले.

मंडीच्या शेडमध्ये बाया ओळीनं बसलेल्या असत. एक ढीग मोठ्या फळांचा, एक मध्यमांचा, एक डागी. लाकडी पेटीत भाताचं तणस घालायचं, वर जुना पेपर, मग संत्र्यांचे थर. पेट्या स्टेशनवर जात, तिथून कलकत्त्याला, आणि काही त्याहीपुढे ढाक्याला. पुढे जाणाऱ्या पेट्यांवर बंगालीत लिहावं लागे. ते काम एक म्हातारा करायचा. बैतूलकडे निर्वासितांची गावं वसवली आहेत, तिथला तो. पंचवीस वर्षांपूर्वी पूर्व बंगालातून आलेला. संत्र्यांच्या हंगामात तो मंडीतच राही आणि निळ्या रंगानं पेट्यांवर अक्षरं काढी. बाया त्याला बंगालीबाबा म्हणत. जादूटोण्याच्या जाहिराती करणारे ते बंगालीबाबा सगळ्यांना माहीत होते, त्यावरून त्याची चेष्टा चाले. नवऱ्याची दारू सुटेल असा एखादा मंतर टाका म्हणत. तो कुंचला हवेत फिरवायचा आणि सांगायचा की मंतर टाकला, आता नवराच सुटेल.

त्या दिवशी शेडमध्ये कोणी चेष्टा करत नव्हतं.

मी मायजवळ गठ्ठा ठेवला. मायनं वर पाहिलं नाही. "आलं का तुयं वादळ छापून?" एवढंच म्हणाली. म्हातारा हातातला कुंचला डब्यावर आडवा ठेवून उठला आणि गठ्ठ्याजवळ आला. वरचा कागद त्यानं उलटला आणि कोऱ्या बाजूवरून बोट फिरवलं. तरुण मुलींना तो बंगाली रीतीनं 'मा' म्हणे.

"मा, हे सगळे असेच आहेत? मागून कोरे?"

मी हो म्हटलं. मग मायनंच मला सांगितलं, हात न थांबवता. म्हाताऱ्याची धाकटी बहीण तिकडेच राहिली होती. सगळे निघाले तेव्हा ती सासरी होती, निघाली नाही. तिचं गाव साटुरियाजवळ. बातमी आली त्या दिवशीच तो बाबांकडे गेला होता, बाबांनी पाकिटावर इंग्रजीत पत्ता लिहून दिला होता आणि खरं तेही सांगितलं होतं: पत्राला महिना लागेल, आणि तिकडचं पोस्ट ऑफिसच उभं नसेल तर ते पोचणारही नाही.

म्हाताऱ्यानं दुसरा रस्ता शोधला होता. पत्र जाणार नाही, पण संत्री जाणार. मृगाचा शेवटचा माल पाच-सहा दिवसांत निघायचा होता. प्रत्येक पेटीत एक चिठ्ठी: बहिणीचं नाव, नवऱ्याचं नाव, गाव, आणि कोणी तिला पाहिलं असेल तर पांढुर्ण्याच्या मंडीत कळवा. जुन्या पेपरावर लिहिलेलं कोणी वाचणार नाही, छापलेल्या अक्षरांत ते हरवून जाईल. त्याला कोरा कागद हवा होता आणि तो खूप हवा होता.

मी लगेच हो म्हणाले नाही. हे लिहिणं मला टाळता आलं असतं, पण ते खोटं झालं असतं. माझ्या मनात सभा होती. सौंसरच्या पटांगणातली माणसं, रामाकोन्याहून ट्रॅक्टरनं येणारी माणसं, त्यांच्या हातातला माझा कागद. मी विचारलं, किती लागतील? तो म्हणाला, पेट्या जितक्या तितके. म्हणजे सगळेच.

मग त्यानं पत्रक सुलटं केलं. मराठी बोलणं त्याला येत होतं, वाचणं येत नव्हतं.

"या बाजूला काय छापलं आहे?" त्यानं विचारलं. "माल तिकडे जाईल म्हणून विचारतो. त्यांना वाईट वाटेल असं काही नको."

मी म्हटलं, वादळाची हकीकत आहे. ते खोटं नव्हतं. मी वरचा भाग वाचून दाखवला. अर्ध्यावर आले आणि थांबले.

"वाच ना," माय म्हणाली. "थांबली काहून?"

शेडमधल्या बायांचे हात थांबले होते. मी वाचलं. सगळं वाचलं. आकाशाकडे पसरलेले हात, आकाशाचं उत्तर, अजून किती मेल्यावर. मोठ्या टायपात घेतलेलं वाक्य मोठ्यानं वाचावं लागत नाही, पण ते हळू वाचता येत नाही हे मला तेव्हा कळलं.

म्हातारा रागावला असता तर मी वाद घातला असता. वाद घालायला मी तयारच होते, आयुष्यभर तयार होते. तो रागावला नाही. खाली बसला आणि कुंचला हातात घेतला.

"पाऊस माझ्या बहिणीनंही मागितला असेल," तो म्हणाला. "तिला पेरायचं होतं ना."

एवढंच. मग तो एका पेटीवर निळं अक्षर काढू लागला. प्रार्थनेनं पाऊस पडत नाही, हे मी तेव्हाही मानत होते, आताही मानते. पण प्रार्थनेनं वादळ येतं, असं मी लिहिलं होतं. मरणाऱ्यांनी ते ओढवून घेतलं, असं लिहिलं होतं. ज्या अंधश्रद्धेविरुद्ध मी पेटून उठले होते तीच मी मोठ्या टायपात छापून आणली होती. फक्त तिच्यात देवाच्या जागी आकाश घातलं होतं.

मायनं तणस कापायचा विळा पायाखाली धरला आणि माझ्यापुढे हात केला.

"कुठून कापायचं ते दाखव."

मी दाखवलं. बायांनी दहा-दहा कागद एकत्र धरून विळ्यावर ओढले. वरचे अर्धे म्हाताऱ्यापुढे गेले, खालचे अर्धे तणसाच्या ढिगाआड पडले. तो जांभळ्या पेन्सिलीनं लिहीत होता, थुंकी लावून, प्रत्येक कागदावर तेच. दोन-तीन दिवस तो तेवढंच करत होता. त्याच्या ओठांवर जांभळा डाग पडला होता. अक्षर न कळता मीही काही कागद त्याच्या चिठ्ठीवरून नकलून काढले. एक उकार मी सगळीकडे चुकवला, तो त्यानं सगळीकडे सुधारला. मालगाडीची शेवटची वाघीण भरून गेली तेव्हा सभेसाठी माझ्याकडे एकही पत्रक उरलं नव्हतं. मी सौंसरला गेले आणि सभेत मागे बसले.

त्यानंतर मी या वादळांबद्दल जे मिळेल ते वाचलं. नागपूरच्या ग्रंथालयात अमेरिकेतल्या चक्रवातांवरची पुस्तकं होती. तीन राज्यं चिरत गेलेलं पंचवीस सालचं ते प्रसिद्ध वादळ, कोणत्या गावात किती वाजता शिरलं, कोणती शाळा पाडली, सगळं मिनिटागणिक लिहिलेलं. त्या वादळात गेले त्यांच्यापेक्षा किती तरी जास्त लोक साटुरियाकडे मेले, इतके की जगात नोंद असलेला तो सर्वांत प्राणघातक टोर्नेडो मानतात. आणि तिथल्या मृतांच्या आकड्यापुढे लिहिलेलं असतं 'सुमारे'. गरिबांच्या मरणापुढे नेहमी 'सुमारे' असतं. याचा मला राग आला, आणि मग आठवलं की माझ्या पत्रकातही तोच शब्द होता.

पावसाळा सरून आंबिया बहाराचा माल सुरू झाला तसा म्हातारा बैतूलहून परत आला. चिठ्ठीचं काही? बायांनी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. दिवाळी होऊन गेली होती. एके दिवशी दुपारी मी मायचा डबा घेऊन मंडीत गेले होते, तेव्हा बाबा सायकल हातात धरून शेडमध्ये आले. वाटपाच्या वेळी ते कधी कुठे थांबत नसत. त्या दिवशी थांबले. त्यांनी पाकीट म्हाताऱ्याच्या हातात दिलं आणि टोपी काढून उभे राहिले.

पाकिटातून माझं अर्धं पत्रक निघालं. जांभळ्या अक्षरांखाली कोणीतरी शाईनं लिहिलं होतं, जागा संपल्यावर कडेनं, मग एक आणखी कागद जोडून. म्हातारा मनात वाचत गेला. मग त्यानं आम्हाला मराठीत सांगितलं.

लिहिणारा तिकडचा एक फळविक्या होता. पेटी रिकामी करताना तळाशी कागद सापडला. गावाचं नाव ओळखीचं वाटलं म्हणून बाजाराच्या सुट्टीला तो स्वतः तिकडे गेला. घरांचे नुसते चौथरे होते. विचारत विचारत तो बहिणीच्या शेजारणीपर्यंत पोचला. तिनं सांगितलं की बहीण त्या संध्याकाळी शेळी आत घ्यायला बाहेर गेली होती. दुसऱ्या दिवशी तिचा देह तळ्याच्या पलीकडे सापडला. तिचा मुलगा वाचला आहे, त्याचा हात मोडला होता, आता बरा आहे. मामाला त्यानं नमस्कार सांगितला आहे.

म्हाताऱ्यानं पत्र गुडघ्यावर ठेवलं. मायनं उठून त्याच्याजवळ पाण्याचा गडवा नेऊन ठेवला आणि तिथेच बसली. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"मा, पत्रात शेवटी तुझ्यासाठी एक गोष्ट आहे," तो म्हणाला. "तो विचारतो, कागदाच्या दुसऱ्या बाजूला काय लिहिलं आहे? तिथे कोणालाच वाचता येत नाही. त्यानं मुलालाही दाखवलं. मुलाला वाटतं, आईबद्दल काही असेल."

मी कागद हातात घेतला. खालचा भाग कापला म्हणजे वाईट ते गेलं, असं इतके महिने मी समजत होते. आता वरचा भाग वाचला. वाऱ्याचा वेग होता. सरकारकडे मागण्या होत्या. 'सुमारे' होतं. त्या मुलाच्या आईबद्दल, किंवा कोणाच्याही आईबद्दल, एक शब्द नव्हता.

म्हातारा उत्तर लिहायला पेन्सिल घेऊन वाट पाहत होता. बाबा अजून उभेच होते.

"लिहा," मी म्हटलं, "की आईबद्दल काही नाही. ज्या मुलीनं ते लिहिलं तिला तेव्हा त्यांच्याबद्दल काही माहीत नव्हतं, आणि तिनं विचारलंही नव्हतं. आता तिला माहीत आहे की त्या शेळी आत घ्यायला गेल्या होत्या."

त्यानं लिहिलं. मग पेन्सिल माझ्याकडे दिली. माझ्या कुठल्याही पत्रकावर मी कधी नाव घातलं नव्हतं, खाली नेहमी 'एक नागरिक' असायचं. त्या कागदाखाली मी माझं पूर्ण नाव लिहिलं, आमच्या अक्षरांत, आणि शेजारी म्हाताऱ्यानं ते त्याच्या अक्षरांत पुन्हा लिहिलं.