अक्कांच्या वहीतला रिकामा रकाना

मी एका संगणकाला खोटं उत्तर दिलं. त्याने सरळ प्रश्न विचारला होता, पर्याय दोनच होते, आणि खरा कुठला ते मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी दुसरा निवडला, कारण त्याने माझी दहा मिनिटं वाचणार होती. त्या दहा मिनिटांपायी मी बहात्तर वर्षांच्या एका बाईंना दीड महिना चारचौघांत चुकीचं ठरवलं. नेटवर्क हे माझं पोटापाण्याचं काम आहे, हेही आधीच सांगून टाकतो. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, बिचाऱ्याला त्यातलं कळत नसेल.

बाई म्हणजे माझ्या बायकोच्या आत्या. मी सोलापूरहून नोकरीसाठी इकडे कानडी मुलखात, इलेक्ट्रॉनिक सिटीत आलो, आणि लग्न झालं ते इथेच पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या एका मराठी घरात. त्या घरात सगळे आत्याला अक्का म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. अक्का एका सरकारी कारखान्यात नकाशांचं दप्तर सांभाळायच्या. कुठला नकाशा कुणी नेला, किती वाजता नेला, परत आणला तेव्हा कोपरा दुमडलेला होता का, सगळं त्यांच्या रजिस्टरात असायचं. निवृत्त झाल्यावर त्यांनी जयनगरातल्या आमच्या छोट्या मराठी वाचनालयाचं टेबल घेतलं. सोमवार ते शनिवार, चार ते सात. एखाद्याने जाडजूड कादंबरी पुढे केली की त्या आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघतात आणि म्हणतात, "स्वल्प पातळ घ्या. मागची तुम्ही न वाचता परत केलीत."

या वाचनालयाच्या पुस्तकांची यादी ज्या प्रोग्राममध्ये आहे, तो एका सभासदाने फार वर्षांपूर्वी लिहिलेला. तो फक्त जुन्या विंडोजवर चालतो. टेबलावरचं जुनं डबडं मेलं तेव्हा मी नवा संगणक आणला आणि त्याच्या पोटात एक जुना संगणक बसवून दिला. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. खरा संगणक बाहेर, आणि पडद्यावरच्या चौकटीत दुसरा, ज्याला आपण दुसऱ्याच्या पोटात आहोत याचा पत्ता नसतो. मागच्या खोलीतल्या कपाटात एक मशीन आहे, पुस्तकांची माहिती त्यात. या चौकटीतल्याने नेटवर्कवरून त्याच्याशी बोलत राहायचं, एवढंच त्याचं काम. अक्कांनी ते दोन दिवसांत शिकून घेतलं. त्याचं नाव त्यांनी 'आतला' ठेवलं. "आतला उठला का बघू," असं म्हणत त्या रोज चारला बटण दाबायच्या.

चार महिने काही तक्रार नव्हती. मग मलाच काळजी सुचली. हाही संगणक मेला तर? म्हणून मी आतल्याची एक प्रत काढून माझ्या लॅपटॉपवर ठेवली. घरी ती पहिल्यांदा उघडली तेव्हा पडद्यावर प्रश्न आला: ही मशीन तुम्ही इथे हलवली आहे, की तिची नक्कल केली आहे? नक्कल केली होती, दुसरं काय? पण नक्कल म्हटलं की आतल्या विंडोजला संशय येतो आणि ते परवान्याचा क्रमांक नव्याने मागतं. तो क्रमांक कुठल्या फायलीत आहे ते शोधायला हवं होतं. मी 'हलवली' दाबलं आणि कॉफी प्यायला गेलो.

पुढच्या शनिवारी नेहमीप्रमाणे वाचनालयात गेलो, लॅपटॉपला वायर लावली, आणि ताजी माहिती घ्यावी म्हणून माझी प्रत उघडली. पाच मिनिटांत अक्कांचा आवाज आला.

"जावईबापू, आतला बोलेना."

"काय दाबलंत?"

"काही नाही. तुम्ही आलात, बसलात, आणि हा गप्प."

मी त्यांच्या संगणकावर पिंग करून बघितलं. पिंग म्हणजे एका मशीनने दुसऱ्याला 'आहेस का?' अशी हाक मारायची. चार हाकांना एकदा 'ओ' आली, तीनदा नाही. मग मी माझ्या लॅपटॉपवर तीच यादी उघडली. ती झरझर आली.

"बघा अक्का, माझ्याकडे चालतंय."

"सरी," अक्का म्हणाल्या. त्यांचं 'सरी' म्हणजे 'ठीक', पण चष्मा काढून म्हटलं की ते ठीक नसतं. त्यांनी चष्मा काढला होता.

तिथून माझी दुरुस्ती सुरू झाली. वायर बदलली. फायरवॉल, म्हणजे संगणकाची राखण करणारा प्रोग्राम, बंद केली, चालू केली. इथल्या शिवाजीनगर बाजारात जाऊन नवा स्विच, म्हणजे सगळ्या संगणकांच्या वायरी एकत्र जोडणारी डबी, आणला. दर शनिवारी संध्याकाळी मी लॅपटॉप मिटून घरी जायचो आणि सोमवारी फोन करायचो. "चालतोय की, छान चालतोय," असं अक्का सांगायच्या. म्हणजे माझा उपाय लागू पडला, असं मी धरायचो. शनिवारी मी पोचलो की पुन्हा बंद. म्हणजे आठवड्यात अक्कांनी काहीतरी दाबलं, असं मी धरायचो. दोन्ही निष्कर्ष मला एकाच वेळी पटत होते, याची आता लाज वाटते.

तिसऱ्या शनिवारी तीन-चार वाचक टेबलाशी उभे असताना अक्का म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही दारात आलात की हा लाजतो बघा. नवी नवरी झालीय त्याची."

सगळे हसले. मी सोडून. त्या घरात जावयाला 'तुमचं चुकतंय' असं तोंडावर कुणी म्हणत नाही. जेवताना मीठ कमी पडलं तरी मला आधी विचारतात. अक्कांना जे सांगायचं होतं ते त्या रीतीत बसवून, थट्टा करून सांगत होत्या. मी मात्र नोकरीतला आवाज काढला.

"अक्का, मशीनला पाहुणे कळत नसतात. कधी बंद पडतं ते नीट लिहून ठेवत जा. मग कळेल."

"सरी," अक्का म्हणाल्या, आणि खणातून शाळकरी वही काढून पट्टीने रेघा मारायला लागल्या.

पाचव्या शनिवारनंतर समितीची बैठक झाली. आमचे सेक्रेटरी पुण्याचे, एका मोठ्या सरकारी कंपनीतून निवृत्त झालेले इंजिनियर. त्यांनी विचारलं, "एकच सांगा, प्रॉब्लेम मशीनचा आहे की ऑपरेटरचा?"

"मशीन ठीक आहे," मी म्हणालो.

पुढचं वाक्य मी उच्चारलं नाही. उच्चारायची गरजच नव्हती. कुणीतरी हळहळून म्हणालं, "वय झालं हो आता." सेक्रेटरी म्हणाले, "मग पुढच्या रविवारी अक्कांचा एक छानसा सत्कार करू." आमच्याकडे एखाद्याला खुर्चीवरून उठवायचं असलं की आधी शाल विकत आणतात. अक्कांना निरोप गेला. शालीचा रंग कुठला, एवढंच त्यांनी विचारलं. घरी बायको म्हणाली, "टेबल गेलं तर दुपारी चार वाजता ती काय करणार हो? गेली दहा वर्षं साडेतीनला वेणी घालून तयार असते." मी वर्तमानपत्रात डोकं घातलं.

सत्काराच्या आदल्या दिवशी, सहाव्या शनिवारी, मी गेलो आणि आतला पुन्हा बंद पडला. अक्कांनी वहीत दोन ओळी लिहिल्या आणि त्या खालच्या हॉटेलातून कॉफी आणायला गेल्या. काही सुचेना म्हणून मी पहिल्यांदाच ती वही उघडली.

रकाने पाच. तारीख, वेळ, काय काम चालू होतं, हजर कोण, कारण. शेवटचा रकाना खालपर्यंत कोरा होता. 'हजर कोण' मात्र प्रत्येक ओळीत भरलेला. जावई. खाली पुन्हा जावई. मध्येच एका बुधवारची नोंद होती: 'जावई. ऑफिसला रजा. पेढे घेऊन आले, लॅपटॉप लावून तासभर बसले.' आणि चौथ्या शनिवारपुढे: 'जावई हजर. लॅपटॉप घरी विसरले. आतला चार ते सात उत्तम.'

म्हणजे आतला मला नव्हे, माझ्या लॅपटॉपला लाजत होता. प्रत्येक नेटवर्क कार्डाला जन्मतः एक क्रमांक असतो, दोघांचा एक कधीच नसावा. 'नक्कल' म्हटलं असतं तर माझ्या प्रतीला नवा क्रमांक मिळाला असता. 'हलवली' म्हटल्यामुळे जुनाच राहिला. मी शिवाजीनगरहून आणलेल्या त्या नव्या कोऱ्या स्विचवर एकच क्रमांक आणि नेटवर्कवरचा एकच पत्ता सांगणारे दोघे बसले होते, एक अक्कांचा आणि एक माझा. जो शेवटचा बोलला त्याच्याकडे स्विच दोघांचं टपाल टाकत होता. अक्कांचं बंद आहे का ते तपासायला मी माझी प्रत उघडायचो, आणि ती उघडली की अक्कांचं बंद पडायचं. 'माझ्याकडे चालतंय' कारण मी त्यांचं हिसकावून घेत होतो.

मी प्रत बंद केली. अक्कांच्या संगणकावरून चार हाका, चार 'ओ'. प्रत उघडली. सगळं गप्प. असं तीनदा केलं. तिसऱ्या वेळी मला एकट्याला हसू फुटलं.

अक्का दोन पेले घेऊन आल्या. "चालू झाला?"

"हो."

"काय झालं होतं? वहीत काय लिहू?"

"एक सेटिंग होतं," मी म्हणालो. "सांगतो नंतर."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं, ते परत लावलं. या सगळ्या प्रकारात मला सर्वांत जास्त टोचतं ते हे. तोपर्यंत अक्कांना दिलेला त्रास तरी नकळत होता.

संध्याकाळी अवरेकाळूच्या, म्हणजे इकडच्या पावट्याच्या, शेंगा सोलताना बायकोला सगळं सांगितलं. ती इतकी हसली की मांडीवरचं ताट कलंडलं आणि दाणे घरभर पसरले.

"म्हणजे दोन आतले भांडत होते, आणि दोन्ही तुमचेच?"

"हो."

"अक्काला सांगितलंत?"

"उद्या सत्कार झाल्यावर सांगतो."

तिचं हसू थांबलं. "शाल घातल्यावर? मग काय उपयोग? सहा आठवडे तिने तुम्हाला जावई म्हणून सांभाळून घेतलं. आता एक दिवस घरच्या मुलासारखं वागा आणि खरं सांगा." मग ती खुर्चीखालचे दाणे वेचायला लागली, आणि मीही.

रविवारी वाचनालयात मांडलेल्या सगळ्या खुर्च्या भरल्या होत्या. मागे उप्पीट आणि केसरीभाताचा वास. अक्का समोर, जरीकाठी साडीत, ताठ. टेबलावर घडी केलेली शाल, मोरपंखी रंगाची. सेक्रेटरी उठले आणि म्हणाले, "सत्काराआधी एक गुड न्यूज! आपल्या या इंजिनियरांनी काल तो प्रॉब्लेम सॉल्व्ह केला, अक्कांकडूनच कळलं. त्यांच्यासाठीही नारळ आणलाय." टाळ्या झाल्या. नारळ माझ्या हातात आला. "दोन शब्द बोला."

मी बोललो. कार्डाचे क्रमांक, स्विच, पत्ते. दोन मिनिटांतच लोक उप्पिटाकडे बघायला लागले. मागून आवाज आला, "अहो, मराठीत सांगा!" सेक्रेटरी मदतीला धावले. "थोडक्यात काय, दोष मशीनचा होता."

"नाही," मी म्हणालो. "मशीनने मला विचारलं होतं."

तेव्हा अक्कांनी हात वर केला. "जावईबापू, स्वल्प थांबा." पर्समधून त्यांनी ती शाळकरी वही काढली, मांडीवर उघडली, चष्मा नीट केला, पेनाचं टोपण काढलं. "कारणाचा रकाना तेवढा राहिलाय. सावकाश सांगा, म्हणजे मला लिहिता येईल."

खोलीत हसू पसरलं आणि ओसरलं. मी नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"लिहा अक्का. जावयाने लॅपटॉपवर प्रत काढली, आणि नक्कल केली असताना हलवली असं खोटं सांगितलं. त्यामुळे तो आला की बंद पडायचं."

"पडायचं," लिहिता लिहिता अक्का म्हणाल्या. "पुढे?"

"अक्का सहा आठवडे बरोबर सांगत होत्या. त्याने ऐकलं नाही. समितीपुढे दोष त्यांच्यावर जाऊ दिला."

सेक्रेटरींनी टेबलावरची शाल हळूच उचलली आणि पिशवीत परत घातली.

"जाऊ दिला. पुढे?"

"काल कारण कळलं, तरी गप्प बसला."

पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "ते मला कालच कळलं होतं. पुढे?"

"पुढचं वहीत लिहू नका," मी म्हणालो. नारळ खुर्चीवर ठेवला आणि त्यांच्यासमोर गेलो. "अक्का, चूक माझी होती आणि तुमच्या टेबलावरून तुम्हाला उठवायला निघालो होतो मी. मला माफ करा."