कंगवा, कपटे आणि बुधवार

बंगळूरच्या आमच्या शाळेत स्थिर वीज शिकवायची म्हणजे मुलांना काचेची कांडी आणि रेशमी फडकं, अन् मुलींना आपापला कंगवा आणि आपापलं डोकं. साठ सालानंतरचे दिवस. कांडी शाळेत एकच होती आणि ती मुलांच्या बाकांवरून आमच्याकडे कधी आलीच नाही.

आमच्या वेण्या खोबरेल तेलाने थबथबलेल्या. कंगवा कितीही घासला तरी कागदाचा कपटा जागचा हलेना. मास्तर म्हणत, मुलींच्या डोक्यात वीज नसतेच. त्यांच्या गळ्यात लोकरीचा मफलर असे. त्यावर कंगवा घासला असता तर कपटे पटापट चिकटले असते, हे मला पुढे कळलं. मास्तरांना तेव्हाच ठाऊक असणार. मला अजून त्यांचा राग येतो.

नववीला सायन्स घ्यायला मुलींना मास्तरांची शिफारस लागे. टॉर्चचा मेलेला सेल फोडून आत काय आहे ते बघणारी मुलगी मी. मला सायन्सच हवं होतं. गुरुवारी पुन्हा प्रयोग होता आणि ज्यांना जमेल त्यांचीच नावं पुढे जाणार होती. केस कमरेपर्यंत, सकाळी धुतले तर शाळेपर्यंत वाळायचे नाहीत. म्हणजे न्हायचं ते बुधवारी. आणि आमच्या घरी भाऊ असलेल्या मुलीने बुधवारी न्हायचं नाही, भावाला बाधतं. आमचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी मुलूख सोडून इकडे आलं, बोलण्यात निम्मी कानडी शिरली, पण हा नियम तेवढा जपून आणला होता.

आई बनशंकरीच्या देवळात गेली तेव्हा मी शिकेकाई लावून खसाखसा न्हाले. दुसऱ्या दिवशी तेल न लावता वेणी माझी मीच घातली.

कंगव्याला कपटे चिकटले. मग मास्तरांनी मला बॅटरी करायला दिली. तांब्याचे आणि जस्ताचे तुकडे, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेला टीपकागद. तारा जोडल्या आणि मीटरची सुई हलली. मी हलवली होती ती. मास्तरांनी माझं नाव लिहून घेतलं.

घरी आले तर धाकटा भाऊ तापाने फणफणलेला, अंगभर गोवर. गल्लीतल्या निम्म्या पोरांना गोवर होता. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. आईने माझी कोरडी वेणी हातात धरली.

"काल न्हालीस ना तू?"

मी हो म्हणाले. अण्णा, म्हणजे माझे वडील, दुसऱ्याच दिवशी शाळेत गेले आणि माझं नाव काढायला लावलं. गोवर न्हाण्याने येत नाही, एवढं सांगायला मास्तरांची जीभ उचलली नाही. मला शिवणाच्या वर्गात बसवलं. भाऊ थोड्याच दिवसांत खडखडीत बरा झाला.

पुढे तो इंजिनिअर झाला, सरकारी कारखान्यात वर चढला. त्याच्या बढतीच्या जेवणात एका पाहुण्याने मला विचारलं, तुम्ही का नाही घेतलं सायन्स? मी तोंड उघडायच्या आत भाऊच म्हणाला, "अक्काला कुठे आवड होती त्याची."

आई वाढत होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती सांगेल असं मला खरंच वाटलं.

"हिला पहिल्यापासून शिवणाचीच हौस," ती म्हणाली आणि पुढच्या पानाकडे वळली. तेव्हापासून आमच्या घरात तेच खरं धरतात.