डिस्चार्ज आहे

बाबा हर्नियाच्या ऑपरेशनसाठी पाच दिवसांचे कपडे घेऊन हॉस्पिटलात गेले आणि चोवीस दिवस राहिले. आजही ते "पाच मिनिटांत येतो" म्हणून बाहेर पडले की आई विचारते, "घड्याळाची पाच की हॉस्पिटलची?"

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दोन हजार साल उजाडताच जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार अशी हवा होती आणि ते पडू नयेत म्हणून कंपन्या दिसेल त्याला कामावर घेत होत्या. त्यात मीही दिसले. नेमणुकीचं पत्र आलं त्याच दिवशी बाबांनी ते लॅमिनेट करून आणलं. तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला कागद भिजेल, फाटेल, उंदीर कुरतडेल अशी कायमची धास्ती असते.

आमच्या घरात पहिल्या नोकरीची एक रीत आहे. तोवर ती एकदाच पाळली गेली होती, पण बाबा तिला रीतच म्हणायचे. आजोबा खडकीच्या कारखान्यात हमाल होते. बाबांना कामगार खात्यात कारकुनाची जागा मिळाली, तेव्हा आमच्या घराण्यात पहिल्यांदा कुणीतरी खुर्चीवर बसणार होतं. आजोबांनी त्यांना सायकलवर डबलसीट घेऊन विश्रांतवाडीहून थेट ऑफिसच्या फाटकापर्यंत सोडलं आणि संध्याकाळपर्यंत समोरच्या झाडाखाली बसून राहिले. कामावर खाडा करून. का, तर "पोराला परत पाठवलं तर घरी न्यायला कुणी नको?"

आता बाबांना मला स्कूटरवरून कंपनीच्या फाटकापर्यंत सोडायचं होतं. "मी काय बालवाडीत चाललेय?" असं म्हणून मी तोंड वाकडं करायचे. मनातून मला ते हवं होतं, फार हवं होतं, पण तेविसाव्या वर्षी असलं काही कबूल करायची पद्धत नसते.

मला रुजू व्हायचं होतं त्याच्या बरोबर दोन आठवडे आधीच्या सोमवारी बाबांनी ऑपरेशन ठेवलं. "शुक्रवारी घरी. मग आठवडाभर आराम. मग स्कूटर," असा त्यांचा हिशेब होता. तो चुकला तो गुरुवारी. संध्याकाळी त्यांना ताप आला. हॉस्पिटलमध्ये ताप यायचाच, असं मानून आम्ही तो मनावर घेतला नाही.

शुक्रवारी सकाळी डॉक्टर राउंडला आले. हे डॉक्टर सदाशिव पेठेतले होते आणि शब्द विकत आणल्यासारखे जपून वापरायचे. त्यांनी पट्टी उचलली, टाक्यांकडे पाहिलं, बरोबरच्या शिकाऊ डॉक्टरला म्हणाले, "डिस्चार्ज आहे," आणि पुढच्या खाटेकडे गेले.

आमच्याकडे एकच धांदल उडाली. आईनं पिशव्या भरायला घेतल्या. बाबांनी पायजमा काढून पँट चढवली, शर्ट खोचला, खिशाला पेन लावलं आणि खाटेवर साहेबासारखे बसले. मी धावत जाऊन कोपऱ्यावरून पाव किलो पेढे आणले. पहिला पेढा शेजारच्या खाटेवरच्या काकांना दिला. हे वाघोलीचे शेतकरी. ट्रॅक्टरवरून पडून पाय मोडला होता, पायात स्टीलची पट्टी घातली होती आणि महिना होत आला तरी ते तिथेच होते. मग मी तसाच पेढा दारात डॉक्टरांच्या हातावर ठेवला.

"कशाबद्दल?"

"बाबांना डिस्चार्ज आहे म्हणून."

डॉक्टरांनी पेढ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "जखमेतून पू येतोय म्हणून पेढे वाटणारं कुटुंब मी प्रथमच पाहतोय," ते म्हणाले. "जखमेतून जे वाहतं त्याला आम्ही डिस्चार्ज म्हणतो. आणि तो जोवर आहे, तोवर तुमचा डिस्चार्ज नाही."

पेढा मात्र त्यांनी खाल्ला.

बाबांनी शर्ट काढला. वाघोलीचे काका एका कुशीवर वळून म्हणाले, "सायेब, आमच्याकडं याला सुट्टी म्हनत्यात. सुट्टी हाय का नाय, येवढंच इचारायचं. विंग्रजीनं घात केला बघा तुमचा."

दुपारी डॉक्टर पुन्हा आले आणि यावेळी बसून बोलले. दोन टाके उघडावे लागणार होते. रोज ड्रेसिंग, सलाईनमधून दिवसातून तीनदा औषध, त्यामुळे घरी जाता येणार नाही. "हा जंतू तुम्ही घरून आणलेला नाही," त्यांनी सरळ सांगितलं. "तो इथलाच आहे. कुणाच्या तरी हातून आला असणार."

आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे माणूस आमचा, जंतू तुमचा."

"दुर्दैवानं, हो."

या माणसाचा मला त्या क्षणी भयंकर राग आला आणि त्याच क्षणी विश्वासही बसला. खोटं बोलायची सोय असताना तो बोलला नव्हता.

जखम चिघळली, असं आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगू लागलो. हा शब्द आमच्या घरात आजवर फक्त संपासाठी वापरला जायचा. बाबांचं काम कामगार आणि मालक यांना एका टेबलाशी बसवायचं. त्यामुळे तेही लागले त्याच भाषेत बोलायला. ताप उतरला की "बोलणी सुरू आहेत", चढला की "बोलणी फिसकटली". रविवारी रात्री ताप फार वाढला आणि त्यांनी विनोद करणं बंद केलं, तेव्हा मी जिन्यात जाऊन रडले. रुजू होणं, स्कूटर, फाटक, सगळं गेलं खड्ड्यात, हा माणूस तेवढा राहू दे, असं वाटलं. मंगळवारपर्यंत औषध बदलल्यावर ताप उतरला आणि मला लगेच पुन्हा स्कूटर आठवली. माणूस असा लोभी असतो.

तोवर आईनं वॉर्डाचा ताबा घेतला होता. विश्रांतवाडीहून अर्धी वस्ती भेटायला यायची. आजाऱ्याला भेटायचं म्हणजे त्याच्या खाटेवर बसायचं, हात हातात घ्यायचा आणि "बघू बघू" करत पट्टीचं टोक उचलायचं. ही माया आहे हे मला कळतं. तरी दर वेळी डोकं फिरायचं. कुणी कुठल्याशा मठातला अंगारा आणला. आई म्हणाली, "आमच्याकडे अंगारा चालत नाही. जखमेवर तर कुणाकडेच चालू नये." मग तिनं घरून साबण, तांब्या आणि धुतलेल्या टॉवेलांची चळत आणली आणि खाटेच्या पायथ्याशी स्टूल टाकून बसली. शाळेत प्रार्थनेनंतर ती पोरांची नखं तपासायची. तोच हुकूम इथे सुरू झाला.

"हात दाखवा."

मोठमोठी माणसं मुकाट्यानं दोन्ही हात पुढे करायची, मग पालथे करायची. नखं वाढलेली असली तर खाटेपासून तीन हातांवर उभं राहायचं. ड्रेसिंगला येणाऱ्या सिस्टर आधी चिडल्या, मग हसल्या, मग स्वतःहून हात पुढे करू लागल्या. खरी मजा बुधवारी आली. डॉक्टर वाघोलीच्या काकांचा पाय तपासून तसेच बाबांच्या पट्टीला हात घालायला वाकले.

"हात दाखवा," आई म्हणाली.

शिकाऊ डॉक्टर छताकडे पाहू लागला. डॉक्टर सरळ उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले. मग पालथे केले.

"धुवून या," आई म्हणाली.

ते गेले आणि धुवून आले. ड्रेसिंग झाल्यावर म्हणाले, "बाई, शाळेत पोरं तुम्हाला घाबरत असतील."

"घाबरतात. पण खरूज कुणाला नाही."

त्यानंतर प्रत्येक दोन खाटांमध्ये पाण्याचं भांडं आणि साबण आला. त्याचं श्रेय आईनं कधी घेतलं नाही, पण सांगितल्याशिवायही कधी राहिली नाही.

जखम आता भरत होती, पण तिच्या चालीनं. मी रोज विचारायचे, डॉक्टर रोज म्हणायचे, "बघू." माझं रुजू होणं चार दिवसांवर आलं तेव्हा बाबांनी कागद मागवला आणि रीतसर अर्ज लिहिला. विषय: दोन तासांची रजा मिळणेबाबत. डॉक्टरांनी तो नीट वाचला, खाली लिहिलं, "नामंजूर. स्कूटरवर टाके बसत नाहीत," आणि सही करून परत दिला. बाबांनी तो घडी करून उशीखाली ठेवला.

सोमवारी सकाळी नवा सलवार-कमीज घालून मी आधी हॉस्पिटलात गेले. बाबा दाढी करून, केस विंचरून, हॉस्पिटलच्या निळ्या कपड्यांत तयार बसले होते.

"चल, सोडतो."

"बाबा, अर्ज नामंजूर झालाय."

"कंपनीच्या फाटकापर्यंतचा. रीत काय आहे? फाटकापर्यंत सोडायचं. कुठल्या, ते कुठेही लिहिलेलं नाही." नियमातली पळवाट शोधण्यात त्यांची हयात गेली होती.

मग ते एक हात पोटावर धरून, एक माझ्या खांद्यावर ठेवून वॉर्डातून निघाले. लांबलचक बोळ, उतरता रॅम्प, मग अंगण. मध्ये दोनदा थांबलो. हॉस्पिटलच्या फाटकाशी आल्यावर त्यांनी लॅमिनेट केलेलं पत्र माझ्या हातात दिलं, रिक्षा थांबवली आणि रिक्षावाल्याला बजावलं, "सावकाश. पहिला दिवस आहे." वाटेत मला हातातलं पत्र दिसत नव्हतं इतके डोळे भरले होते, आणि रिक्षावाला आरशातून बघत होता याचा रागही येत होता.

कंपनीत काचेच्या केबिनमधल्या मुलीनं पत्र मागितलं. पत्रावर माझी सही करून ते त्यांना परत द्यायचं होतं. मी पेन टेकवलं. प्लॅस्टिकवर पेन उमटेना. तिनं दुसरं पेन दिलं, तेही घसरलं. माझा चेहरा पडला. आता परत पाठवतात, असंच मला वाटलं. ती खळखळून हसली, कॉम्प्युटरवर दोन कळा दाबल्या आणि एका मिनिटात नवीन पत्र छापून माझ्यापुढे ठेवलं. तीस वर्षांची कागदाची धास्ती तिथे एका मिनिटात निकाली निघाली.

संध्याकाळी मी हॉस्पिटलपाशी रिक्षातून उतरले, तर फाटकाच्या आत बाकावर निळ्या कपड्यांत बाबा. शेजारी सिस्टर कमरेवर हात ठेवून उभ्या.

"तीनदा आत नेलं यांना," त्या म्हणाल्या. "औषधापुरते येतात, पुन्हा इथे येऊन बसतात. सांगा काहीतरी."

"बाबा, इथे काय करताय?"

"तू गेल्यावर शेजारचे म्हणाले, सायेब, त्या पिल्याष्टिकवर पोरगी सही कशी करनार? माझ्या ध्यानातच आलं नव्हतं." ते माझ्या चेहऱ्याकडे निरखून पाहत होते. "म्हटलं, माझ्या पायी तुला परत पाठवलं, तर घरी न्यायला कुणी नको?"

"अंगावर हॉस्पिटलचे कपडे, स्कूटर घरी. नेणार कसे होतात?"

"तो पुढचा प्रश्न होता," बाबा म्हणाले. "घेतलं ना पण?"

"घेतलं."

त्यांनी मान डोलावली आणि उठायला माझ्यापुढे हात केला. मी तो धरणार, एवढ्यात मागून आई आली.

"आधी धुवून ये," ती मला म्हणाली. "रिक्षातून आलीयेस."