वहिनींचा म्हसोबा आणि माझं कपाट

बेंबळीत माझ्या पुढच्या खोलीला लोक तोफखाना म्हणतात. लष्करी भांडारातल्या नोकरीतून निवृत्त झालो, तो निकामी दारूगोळ्याचा नाद घेऊनच. गोळ्यांची रिकामी कवचं, पितळी काडतुसं, सरावाचे बॉम्ब. प्रत्येकाला तपासणीची चिठ्ठी बांधलेली आणि गंज लागू नये म्हणून तेलाचा हात फिरवलेला. बायको या सगळ्याला एकाच नावानं ओळखते, तुमचं भंगार.

यंदा येळवशीला, म्हणजे शेतात पूजा करून तिथंच जेवायच्या अमावास्येला, आम्ही चुलत वहिनींच्या रानात होतो. भज्जी आणि आंबील बघून माझा जीव तिकडंच लागला होता. वहिनी बांधावरच्या म्हसोबाला तेल घालत होत्या. एवढ्यात त्या ओरडल्या, "भावजी, देवानं कवच टाकलं! आत लोखंड हाय!"

शेंदराचे थर जाड झाले की कधीतरी ते असे गळून पडतात, त्यात नवल नाही. पण मी जवळ जाऊन बघितलं. खपल्यांमधून तोफेचा गोळा डोकावत होता. टोक वर, बुडाशी तांब्याची पट्टी. आणि वहिनींनी त्याच टोकावर फोडायला नारळ उचलला होता.

"खाली ठेवा तो नारळ!" मी किंचाळलो. "तोफेचा गोळा हाय ह्यो!"

"सासऱ्यापासनं फोडतोय की. काय झालं न्हाय."

"झालं असतं तर सांगायला कोण राहिलं असतं?"

मी तेवढ्यावर थांबलो नाही. अडाणीपणा, अंधश्रद्धा, सगळं काढलं. वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी माझी गाडी थांबेना. आयुष्यभर या बाईनं मरणावर नारळ फोडले, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पोलिसांना फोन केला. रान रिकामं झालं, ताटं तशीच राहिली. बॉम्बशोधक पथक आलं आणि आम्ही लांब बाभळीखाली बसलो. शेवटी त्यांचे साहेब हसतच आले. गोळा सरावाचा होता, आत नुसतं सिमेंट. तेला-शेंदरानं त्याच्यावरचे अक्षरांचे ठसे इतके स्वच्छ राखले होते, की मला चष्म्याशिवाय वाचता आले. असा नमुना माझ्याकडं नव्हता. मी लगेच म्हणालो, "वहिनी, हा माझ्या कपाटात द्या."

"न्हाय. माझा देव हाय तिथंच ऱ्हाईल," त्या म्हणाल्या. साहेबांनीही त्यांचीच बाजू घेतली.

मग साहेबांना चहाला घरी आणलं. खरं तर मला कपाट दाखवायचं होतं. ते एकेक चिठ्ठी वाचत मान डोलवत होते आणि मी फुगत होतो. तेवढ्यात त्यांची नजर दाराकडं गेली. दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून तिथं एक छोटा, शेपटीला पंख असलेला बॉम्ब टेकवलेला होता. कळंबच्या एका भंगारवाल्याकडं दिसला, असली शेपूट कधी पाहिली नव्हती म्हणून हौसेनं उचलला. वजनावरून तो रिकामा ठरवला, तेही मीच. चिठ्ठी बांधायची राहूनच गेली होती.

साहेबांनी कपबशी अगदी हळू खाली ठेवली. "काका, याला कुणी तपासलंय?"

"मीच. वजनावरून."

"सगळे मागच्या दारानं बाहेर व्हा. पळू नका."

बायको बशीत शेव घेऊन येत होती. तिचा दंड धरून मी तिला बाहेर ओढलं. डोळ्यांसमोर गच्ची आली. उन्हाळ्यात पापड वाळत घातलेली साडी उडू नये म्हणून बायको त्यावर हाच बॉम्ब ठेवायची आणि खाली येताना पदरात गुंडाळून आणायची. मी ते रोज बघायचो. एकदा तर "किती जपतीस गं!" म्हणून हसलोही होतो.

बॉम्ब जिवंत निघाला; पथकानं तो गावाबाहेरच्या खाणीत नेऊन उडवला. आवाजानं आमच्या ओट्यावरची भांडी थरथरली. बातमी कळताच धावत आलेल्या वहिनी बायकोला धरून बसल्या होत्या.

बायको आपल्या पदराकडं बघत होती. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "तुमी रिकामं म्हनला, म्हनून म्या उचलत व्हते."