बोईसरच्या नाकाचा चाफा

लग्नाला बावीस वर्षं झाली, पण केळव्याला सासरी गेले की माझी कपड्यांची पिशवी अजून ओटीवरच थांबते. नणंद ती स्वतःच्या हाताने खुंटीला लावते आणि म्हणते, "वयनी, हवा लागू दे जरा. तुमचा वास जाऊ दे." तुमचा म्हणजे बोईसरचा. आम्ही बोईसरला लागूनच सालवडला राहतो, नवरा केमिकल कंपनीत ऑपरेटर. आमच्याकडच्या हवेला दिवसातून तीन-चार तऱ्हेचे वास येतात म्हणे. आम्हाला येत नाहीत.

नणंद सासूबरोबर वाडीतल्या घरात राहते आणि तीन खोल्या मुंबईच्या पाहुण्यांना देते. एका बाईने येताना स्वतःची सुगंधी मेणबत्ती आणली, ती पेटवून फोटो काढले, तेव्हापासून नणंदेच्या डोक्यात मेणबत्त्या शिरल्या. मी मोबाईलवर बघून त्या करायला शिकत होते, हे माझ्या नवऱ्याने तिला सांगितलेलं. तिचा फोन आला, "चाफ्याच्या करा पंधरा. शनिवारी पाहुणे हायत."

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात एकटीनेच गिरकी घेतली. जिच्या घरात माझ्या पिशवीला मज्जाव, तिने माझ्याकडे वास मागितला होता. एकदा ह्या मेणबत्त्या आत गेल्या की पिशवी कशी बाहेर राहते ते मला बघायचं होतं.

करवंट्या नणंदेनेच पाठवल्या होत्या. मी त्या घासून गुळगुळीत केल्या, पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात मेणाचा डबा सोडला, करवंट्यांत वाती उभ्या केल्या. चाफ्याच्या तेलाच्या बाटलीवर लिहिलं होतं, शंभर ग्रॅम मेणाला आठ ग्रॅम. आता आमटीत मीठसुद्धा मी कधी मोजून घातलेलं नाही, तर बाटलीचं काय ऐकणार? आधी बाटलीवरच्या मापाने घालून हुंगलं. काहीच नाही. बाटलीवाल्याने फसवलं म्हणून त्याला दोन शिव्या घातल्या आणि आणखी ओतलं.

तरी खात्री हवी म्हणून नवऱ्याला बोलावलं. त्याला त्याच्या नाकाचा भारी गर्व. कंपनीत कुठे गळती झाली तर मशीन ओरडायच्या आधी मला कळतं, असं तो चारचौघांत सांगतो. त्याने डब्यावर वाकून दीर्घ श्वास घेतला आणि निकाल दिला, "अजून घाल." मग शेजारची भाभी आली. तिचा नवराही कंपनीतलाच, दहा वर्षांपूर्वी उत्तर प्रदेशातून आलेला. ती म्हणाली, "हल्का है भाभी, थोडा और डालो." मी बाटली उपडी केली. तिन्ही परीक्षक बोईसरचेच आहेत, हे माझ्या टाळक्यात आलं नाही.

शनिवारी खोकं प्लास्टिकमध्ये गुंडाळून, चिकटपट्टी मारून, मोटारसायकलवर मांडीवर घेऊन केळव्याला नेलं. पिशवी खुंटीला गेली. खोकं मात्र थेट माजघरात! मी सासूकडे विजयी नजरेने बघितलं, पण ती वाल सोलत होती.

संध्याकाळी पाहुणे जेवायला बसले. वारा वाती विझवेल म्हणून नणंदेने खिडक्या लावल्या आणि पंधराच्या पंधरा मेणबत्त्या एकदम पेटवल्या. सासू दारातून ओरडली, "लाईट हाय ना? मंग मेणबत्त्या कशाला? कोण गेला काय?"

पाच मिनिटांत पहिली शिंक आली. मग खोकला. मग एक दाढीवाले गृहस्थ ताट हातात घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "पापलेटला परफ्यूमची चव लागतेय." त्यांच्यामागून सगळेच आले आणि ताटं घेऊन सुपारीच्या झाडांखाली उभे राहिले. सासूने पदर नाकाला लावला. "ह्यो चाफा नाय गो, ही कंपनी हाय!"

मला हसू यायला हवं होतं. पण मी दारात उभी होते, वारंवार श्वास घेत होते, आणि मला कसलाही वास येत नव्हता. आत नवरा एकटाच मांडी घालून जेवत होता. त्याने मान वर करून विचारलं, "सगळे बाहेर का गेले?"

नणंदेने मेणबत्त्यांवर ताटल्या पालथ्या घातल्या. ती भडकेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं. पण तिने माझ्याकडे बघितलं, मग भावाकडे, आणि हळूच विचारलं, "वयनी, तुमाला खरंच येत नाय?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, आणि लगेच भीती वाटली. ह्या माणसाच्या नाकाच्या भरवशावर मी बावीस वर्षं त्याला कामावर पाठवून निवांत घरी बसत होते. "सर्दी झालीय जरा," तो म्हणाला आणि भात मागितला.

सकाळी नणंद म्हणाली, परत करू. मेण तेच वितळवलं, त्यात नणंदेने पुढच्या मेणबत्त्यांसाठी घाऊक आणून ठेवलेलं कोरं, बिनवासाचं मेण घातलं. ती हुंगत होती, मी ओतत होते. "अजून कोरं घाला. अजून. बस!" तिने एक वात पेटवली आणि डोळे मिटले. "हा खरा चाफा, वयनी. आपल्या विहिरीवरचा."

त्या विहिरीवरच्या चाफ्याने लग्नाच्या वर्षी मला झोपू दिलं नव्हतं, इतका घमघमायचा. मी उठून गेले, एक फूल तोडलं आणि नाकाशी धरलं. मग पाकळ्या चुरडून धरल्या. बोटं पिवळी झाली, तेवढंच.

ओटीवर आले तर नणंद खुंटीवरची पिशवी काढत होती. "आत ठेवते," ती म्हणाली. बावीस वर्षं मी ह्याच वाक्यासाठी थांबले होते.

"राहू दे," मी म्हटलं. "हवा लागू दे जरा." आणि पिशवीखालीच भिंतीला टेकून बसले. मग नवऱ्यालाही हाक मारून शेजारी बसवलं.