केसाएवढ्या दोऱ्यावरचा ट्राउट

नदीवर मिळालेले मासे आम्ही बहुतेक वेळा तिथेच सोडून देतो. किस्से मात्र घरी येतात. सोमवारी ऑफिसात कुणी विचारलं, "काय मिळालं?", की मी किस्सा सांगतो, कारण मासा मिळालेला नसतोच! असे इतके साठलेत की बायको म्हणाली, "एकदाचे लिहून टाक, म्हणजे पाहुणे तरी सुटतील."

तर इथे परदेशात जमलेली आमची टोळी चौघांची. मी सॉफ्टवेअर टेस्टर, मूळचा चिंचवडचा. बापट पुलांचे इंजिनिअर, पन्नाशीचे, पक्के शाकाहारी. नीलेश वसईचा, इथे शिकायला आला आणि कुरियरची व्हॅन चालवता चालवता इथलाच झाला. वृंदा सांगलीची, तीही शिकायला आलेली, आता दातांच्या दवाखान्यात असते. आणि आमचा गुरू ग्रॅहम, बापटांचा जॉन्सनव्हिलमधला शेजारी, रिटायर्ड प्लंबर.

सुरुवात नीलेशमुळे झाली. इथे नदीतला ट्राउट मासा दुकानात मिळत नाही. विकायला कायद्यानेच बंदी आहे. खायचा तर स्वतः पकडायचा. हे कळल्यावर नीलेश अस्वस्थ झाला. "मासा आहे, आणि तो विकत मिळत नाही? मग तो खायलाच पाहिजे!"

* * *

पहिल्या दिवशी नीलेश धक्क्यावर वापरायचा समुद्राचा रॉड घेऊन हट नावाच्या नदीवर आला. दोरा सुतळीएवढा, गळ बोटाएवढा.

ग्रॅहमने तो हातात घेऊन पाहिला. "गाडी टो करायची आहे का?"

मग त्याने स्वतःचं सामान काढलं. केसाएवढा दोरा. त्याच्या टोकाला तांदळाच्या दाण्याएवढा गळ, पाण्यातल्या किड्यासारखा दिसणारा. त्याला निम्फ म्हणतात. जोर लावायचा नाही, सावली पाण्यावर पडू द्यायची नाही, पाय आपटायचे नाहीत.

नीलेशने मान डोलावली आणि सवयीने रॉड असा फिरवला की निम्फ मागच्या विलोच्या झाडात. सोडवला, पुन्हा फिरवला, पुन्हा झाडात. तिसऱ्यांदा तर वेगळ्याच झाडात!

तो वैतागून म्हणाला, "ग्रॅहम, मासे नेमके आहेत कुठे?"

ग्रॅहमने शांतपणे नदीकडे बोट दाखवलं. "बहुतेक सगळे खाली."

* * *

बापटांनी मासेमारी पुस्तकं वाचून शिकली. पाण्याचं तापमान मोजणार, प्रवाहाचा वेग काढणार, मग वहीत लिहिणार. एका शनिवारी ते गुडघाभर पाण्यात एकाच जागी अडीच तास उभे होते. समोरच्या खडकामागे मासा असणारच, असं त्यांचं गणित होतं.

वृंदा काठावर भडंग खात बसली होती. खाऊन झाल्यावर तिने हात पुसले, रॉड उचलला आणि बापटांच्या मागे चार हातांवर निम्फ सोडला. दुसऱ्याच मिनिटाला रॉड वाकला!

बापट वळून बघतात तो तिच्या जाळीत चांगला हातभर ब्राउन ट्राउट. "इथे? इथे कसा असेल?"

ते निघू लागले तशी वृंदा ओरडली, "बापट सर, हलू नका! तुमच्या पायांनी तळाचे दगड हलतायत, त्यांतले किडे वाहून येतायत. मासे तुमच्यासाठीच आलेत!"

बापट आणखी अर्धा तास तसेच उभे राहिले. वृंदाला दुसराही मिळाला. त्यांनी वहीत काय लिहिलं, ते आम्हाला दाखवलं नाही.

* * *

एकदा मासेमारीचं लायसन्स तपासायला रेंजर आली. तरुण, हसतमुख मुलगी. तिने इथल्या पद्धतीने नमस्कार केला. "किया ओरा! कसं चाललंय? किती मासे मिळाले?"

माझं लायसन्स फोनमध्ये, फोन गाडीत. मी धावत गेलो. परत येतो तर बापट तिला पाण्याचं तापमान, गढूळपणा, वाऱ्याची दिशा आणि माशांच्या मानसिकतेबद्दल सांगत होते. ती बिचारी ऐकत होती. पंधरा मिनिटांनी ते श्वास घ्यायला थांबले.

तिने पेन उघडलं. "म्हणजे, शून्य?"

बापट म्हणाले, "अजून तरी."

* * *

वृंदाची आई सांगलीहून चार महिन्यांसाठी आली होती. घरात बसून कंटाळतात म्हणून एका रविवारी काकूंनाही नेलं. पातळावर वृंदाचं पफर जॅकेट, पायात मोजे आणि जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला. घडीच्या खुर्चीत बसून त्या आमचं चाललेलं बघत होत्या.

चाललेलं काही नव्हतं. वारा बोचरा, बोटं गारठलेली आणि गळाचं नेढं सुईच्या नेढ्यापेक्षा बारीक. दोरा ओवता येईना. बापट चष्मा वर करून बघतायत, मी चष्मा खाली करून, ग्रॅहम दोन चष्मे एकावर एक लावून.

दहा मिनिटं काकूंनी सोसलं. मग म्हणाल्या, "इकडे द्या ते."

दोऱ्याचं टोक तिरकं कापलं, ओठांत ओलं केलं, ओवलं. एका फटक्यात! "गाठ कशी मारायची?"

ग्रॅहमने दाखवली. काकूंनी बघून घेतली, मारली, ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "ही सुटेल. मी माझी मारते." त्यांनी त्यांची मारली. ग्रॅहमने ती ओढली, मग जोरात ओढली. दोरा तुटला, गाठ तशीच!

त्याने वृंदाला विचारलं, "तुझी आई किती वर्षं मासेमारी करतेय?"

वृंदाने मराठीत सांगितल्यावर काकू दचकल्या. "शिव शिव! सांग त्यांना, चाळीस वर्षं लोकांच्या ब्लाऊजांना हुक लावतेय. हा हुकच आहे, नुसता बारका."

वृंदाने जसंच्या तसं भाषांतर केलं. ग्रॅहमने टोपी काढली.

* * *

नीलेशला खाण्याजोगा ट्राउट मिळायला दोन वर्षं लागली. एका सकाळी मिळाला. त्याने तिथूनच सगळ्यांना फोन केले. आजूबाजूची मराठी मंडळी धरून संध्याकाळी अकरा माणसं जमली. मासा एक!

त्याने स्वतः वाटण केलं. ओलं खोबरं, धणे, मिरच्या, चिंच. बापट वरणभात खायला आले होते, पण तेही ताटाजवळ वाकून बघत होते. आमच्या वाट्याला प्रत्येकी पेढ्याएवढा तुकडा आला. नीलेशची मुलगी तीर्था पाच वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तरं इंग्रजीत. ती म्हणाली, "It's just fish, Baba."

नीलेशने दुर्लक्ष केलं. खरी परीक्षा त्याच्या बायकोची. मर्लिनही वसईचीच, माशातली जाणकार. तिने डोळे मिटून तुकडा खाल्ला. सगळे थांबले.

"चव छान आहे," ती म्हणाली.

नीलेशचा चेहरा उजळला.

"वाटणाची."

* * *

गेल्या वर्षी ग्रॅहमचे हात थरथरायला लागले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते त्याने कुंपणापलीकडून बापटांना असं ऐकवलं, जणू नळ गळतोय. हळूहळू तो नदीवर यायचा बंद झाला. एक दिवस आपला आवडता रॉड बापटांना देऊन गेला. बापटांनी तो गॅरेजमध्ये उभा करून ठेवला. वापरला एकदाही नाही.

मार्चमध्ये बापट तोच रॉड घेऊन त्याच्या दारात गेले. "गाडी चालू आहे. चल."

"माझ्याने व्हायचं नाही."

"मग बसून बघ. आम्ही कुठे काय पकडतो!"

तो आला. तासभर काठावर बसला. मग रॉड घेऊन उठला आणि पाण्यात उतरू लागला. नीलेशने धावत जाऊन मागून त्याचं जॅकेट धरलं.

ग्रॅहम चिडला. "सोड. पडायचं असेल तर माझा मी पडेन."

नीलेश इथल्या पोरांसारखं म्हणाला, "स्वीट ॲज, काही हरकत नाही. मग दोघं पडू." पण सोडलं नाही.

बापट त्याच डोहाच्या वरच्या अंगाला आल्यापासून उभे होते. निम्फ प्रवाहाबरोबर निर्जीव वाहू द्यायचा, दोऱ्याला जरासाही धक्का लागू द्यायचा नाही, हे ग्रॅहमनेच शिकवलेलं. बापटांचा रॉड दगडात रोवल्यासारखा निश्चल होता. मासा एकही नाही.

ग्रॅहमने निम्फ टाकला. टाकला कसला, कसाबसा सोडला. रॉडचं टोक थरथरत होतं, दोरा थरथरत होता, तो जिथे पाण्यात शिरत होता तिथे बारीक तरंग उठत होते. वृंदाने नजर दुसरीकडे वळवली. मीही उगाच बॅगेत काहीतरी शोधू लागलो.

आणि ग्रॅहम ओरडला!

रॉड कमानीसारखा वाकला होता. मासा खाली पळाला, वर आला, पाण्याबाहेर उसळला. तसा मोठा ट्राउट आम्ही त्या नदीवर पाहिला नव्हता. केसाएवढा दोरा, थरथरणारे हात, आणि मागून जॅकेट धरून नीलेश पुटपुटतोय, "सावकाश, सावकाश!" पाच मिनिटांनी वृंदाने जाळी खाली घातली. ग्रॅहमने मासा दोन्ही हातांनी क्षणभर पाण्यातच धरला आणि सोडला. त्याचे डोळे भरले होते. आमचेही.

बापट पाण्यातून चालत आले. कमरेपर्यंत भिजलेले.

ग्रॅहमने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू हात फार स्थिर ठेवतोस, मेट. तिथेच चुकतंय तुझं!"